घरची शाळा, रविवारची वेदी

पुण्यात ‘कॉन्व्हेंट’मध्ये प्रवेश मिळवणं हा एक स्वतंत्र उद्योग आहे. मूल नीट बोलायला लागण्याआधीच आई-वडील चौकशीला लागतात. फॉर्म कधी निघणार, घर शाळेपासून किती अंतरावर, मोठं भावंड तिथे आहे का, अशी गणितं घराघरांत मांडली जातात. कॅम्पातली जीझस अँड मेरी १८६०पासूनची, सेंट व्हिन्सेंट्स १८६७पासूनची, पाषाणची लॉयोला १९६१ची. या शाळांतून पुण्याच्या कित्येक पिढ्या बाहेर पडल्या आणि त्यांतली बहुसंख्य मुलं ख्रिस्ती नव्हती. कॅथलिक कुटुंबाला मात्र या रांगेत थोडी पुढची जागा असते. संस्था अल्पसंख्याकांच्या असल्याने समाजाच्या मुलांना प्राधान्य मिळतं. शिवाय अनेक ठिकाणी शाळा आणि चर्च एकमेकांना लागूनच असतात. सोमवार ते शुक्रवार ज्या फाटकातून दप्तर जातं, त्याच फाटकातून रविवारी सगळं कुटुंब मिस्सेला जातं.

अशा शहरात एखादं कॅथलिक जोडपं म्हणतं, ‘आम्ही मुलांना घरीच शिकवणार.’ ऐकणाऱ्याला आधी कळतच नाही. ज्या जागेसाठी शेजारी वशिले शोधतात, ती यांना आपसूक मिळत असताना नको? अशी घरं थोडीच आहेत, पण त्यांच्यापुढचे प्रश्न थोडे नाहीत. अभ्यास, धर्मशिक्षण आणि चर्चची सेवा या तिन्ही गोष्टी एकाच छताखाली, बहुतेक वेळा एकाच बाईच्या हातून व्हायच्या असतात. पाहुण्यांचा पहिला प्रश्न ‘दहावीचं काय?’ हा असतो, दुसरा ‘मुलांना मित्र कुठून मिळणार?’ आणि तिसरा, जरा दबक्या आवाजातला, ‘फादर काय म्हणतात?’

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर सर्वांत सोपं आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करू.

घर आधी

कॅथलिक चर्चने जगभर एवढ्या शाळा काढल्या की मुलांना शिकवणं हे मुळात चर्चचंच काम आहे, असं लोकांना वाटू लागलं. चर्चची स्वतःची शिकवण तसं म्हणत नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ऑक्टोबर १९६५मध्ये शिक्षणावर जो जाहीरनामा काढला, त्यात मुलांचे पहिले आणि मुख्य शिक्षक आई-वडील आहेत, असं स्पष्ट म्हटलं आहे. १९८३च्या चर्च-कायद्यातलं ७९३वं कलम शिक्षण हे आई-वडिलांचं कर्तव्यही मानतं आणि हक्कही. ७९८वं कलम सांगतं की मुलांना कॅथलिक शिक्षण देणाऱ्या शाळेत घालावं. ते जमत नसेल तर शाळेबाहेर तशा शिक्षणाची सोय लावावी. म्हणजे चर्चचा कल शाळेकडे आहे, पण शाळेबाहेरची वाट त्याने बंद केलेली नाही.

या वाटेला आणखी एक जुनं वळण आहे. शंभराहून थोड्या अधिक वर्षांपूर्वीपर्यंत बऱ्याच ठिकाणी पहिलं कम्युनियन, म्हणजे मिस्सेत पवित्र भाकर प्रथमच घेण्याचा विधी, मुलं बारा-चौदा वर्षांची झाल्यावर होत असे. १९१०मध्ये पोप दहावे पायस यांनी ते वय सातच्या आसपास आणलं. मूल सात वर्षांचं झालं की त्याला बरं-वाईट कळतं, असं चर्च-कायदा गृहीत धरतो. बारा वर्षांच्या मुलाला वर्गात बसवून धर्म शिकवता येतो. सहा-सात वर्षांच्या मुलाला तो आईच्या मांडीवर, जेवणाआधीच्या प्रार्थनेत, आजीच्या जपमाळेत मिळतो. वय खाली आलं, तशी घराची जबाबदारी वाढली. ९१४वं कलम मुलाची तयारी करून घेण्याचं काम आधी आई-वडिलांवर टाकतं आणि मग धर्मगुरूंवर. मात्र तयारी पुरेशी झाली की नाही, हे पाहण्याचं काम धर्मगुरूंकडेच ठेवतं. घरी शिकवणाऱ्यांनी हा दुसरा भाग विसरू नये. घरातली परीक्षा घरातल्याच माणसांनी घ्यायची नसते, हे चर्चला फार आधी कळलं होतं.

जगात या प्रश्नाने न्यायालयं गाजवली आहेत. अमेरिकेतल्या ओरेगन राज्याने सर्व मुलांना सरकारी शाळेतच घालण्याची सक्ती केली, तेव्हा एका कॅथलिक धर्मभगिनी संघाने ती सक्ती सर्वोच्च न्यायालयात मोडून काढली. साल १९२५. धर्मभगिनींचं भांडण शाळा चालवण्याच्या हक्कासाठी होतं, पण त्या निकालाचा आधार पुढे घरी शिकवणाऱ्या अमेरिकन कुटुंबांनी घेतला. उलट जर्मनीत घरी शिकवण्याला आजही मनाई आहे, आणि २०१९मध्ये युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने त्या देशाची बाजू उचलून धरली. भारत या दोन टोकांच्या मध्ये, जरा धुकट जागी उभा आहे.

६ ते १४

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क सांगणारा २००९चा कायदा १ एप्रिल २०१०पासून लागू झाला. त्याचं १०वं कलम म्हणतं की मुलाला जवळच्या शाळेत दाखल करणं हे पालकाचं कर्तव्य आहे. वय ६ ते १४. हे कर्तव्य न पाळणाऱ्या पालकाला मात्र या कायद्यात शिक्षा नाही. दंड आहे तो मान्यतेशिवाय शाळा चालवणाऱ्याला. राज्यघटनेच्या ५१-क कलमात २००२च्या ८६व्या दुरुस्तीने पालकांचं जे मूलभूत कर्तव्य घातलं, त्यात ‘शिक्षणाच्या संधी’ असे शब्द आहेत. शाळेचं नाव नाही. दिल्ली उच्च न्यायालयात हा वाद गेला, तेव्हा २०१२मध्ये केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्रालयाने आधी सांगितलं की घरी शिकवणाऱ्यांच्या आड हा कायदा येत नाही, आणि पुढे ती भूमिका मागे घेतली. थोडक्यात, घरी शिकवणं हा गुन्हा नाही आणि मान्य केलेला हक्कही नाही.

धार्मिक घरांनी इथे एक गैरसमज टाळावा. २०१२च्या दुरुस्तीने मदरसे, वैदिक पाठशाळा आणि प्रामुख्याने धार्मिक शिक्षण देणाऱ्या संस्थांना हा कायदा लागू होणार नाही, असं ठरवलं. पण दोन खोल्यांचा फ्लॅट म्हणजे संस्था नव्हे. ‘आम्ही धर्मशिक्षण देतो, म्हणून आम्हाला सूट’ असं म्हणायला वाव नाही, आणि तसं म्हणण्यात मुलाचं हितही नाही. याच कायद्याचं ४थं कलम मात्र अशा घरांना उपयोगी पडतं. कधीच शाळेत न गेलेल्या मुलालाही वयानुरूप वर्गात प्रवेश मिळण्याचा आणि मागे राहिलेलं भरून काढण्यासाठी खास शिकवणीचा हक्क ते देतं. म्हणजे परतीचं दार चौदाव्या वर्षापर्यंत उघडं आहे.

अनंतशास्त्रींचं घर

धर्म आणि घरचं शिक्षण यांची सांगड घालण्याचा महाराष्ट्राशी जोडलेला सर्वांत मोठा प्रयोग कॅथलिक घरातला नाही, ख्रिस्ती घरातलाही नाही. त्याचं मूळ मात्र पुण्यातच सापडतं.

पुण्यात रामचंद्रशास्त्री साठे दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या पत्नीला संस्कृत शिकवत असत. त्यांचा शिष्य अनंतशास्त्री डोंगरे याने ते पाहिलं. बाई संस्कृत शिकू शकते, ही गोष्ट त्याच्या मनात घर करून राहिली. पुढे त्याने आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, शिकवायला घेतलं. गावाने विरोध केला, तेव्हा तो सह्याद्रीतल्या गंगामूळच्या रानात जाऊन राहिला. तिथे १८५८मध्ये त्याच्या मुलीचा, म्हणजे पुढच्या पंडिता रमाबाईंचा, जन्म झाला. वडील थकले होते, म्हणून लेकीला आईने शिकवलं. पुराणांचे हजारो श्लोक, व्याकरण, कोश, सगळं तोंडपाठ. कुटुंब तीर्थयात्रा करत फिरे, देवळांत पुराण सांगे आणि येईल त्या दक्षिणेवर राही. शाळा नाही, वर्ग नाही. घर हीच शाळा, धर्म हाच अभ्यासक्रम आणि पुराणकथन हीच सेवा. आज घरी शिकवणारं कुठलंही श्रद्धाळू कुटुंब ज्या चित्राचं स्वप्न पाहील, ते इथे जवळजवळ पूर्ण झालं होतं.

या शिक्षणाचं फळ जगाने पाहिलं. १८७८मध्ये कोलकात्यातल्या पंडितांनी वीस वर्षांच्या या मुलीला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणून गौरवलं. पण त्याआधीची चार वर्षं विसरता येत नाहीत. दुष्काळ पडला. दक्षिणा आटली. पोथ्यांपलीकडचं काहीच येत नसल्याने कुटुंबाला पोट भरता येईना. वडील गेले, मग आई, मग थोरली बहीण. व्यावहारिक शिक्षण माणसाला संसाराच्या मोहात बुडवतं, या समजुतीने ते घरात येऊच दिलं नव्हतं, हे रमाबाईंनी पुढे आपल्या आत्मनिवेदनात मोकळेपणाने लिहिलं आहे. आई-वडिलांबद्दल त्यांच्या लेखनात अपार कृतज्ञता आहे. ही नोंदही आहे.

१८८३मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेज इथे त्यांनी अँग्लिकन चर्चमध्ये बाप्तिस्मा घेतला. १८९०मध्ये विधवांच्या शिक्षणासाठीचं त्यांचं शारदा सदन मुंबईहून पुण्यात आलं, आणि पुढे केडगावला मुक्ती मिशन उभं राहिलं. तिथे प्रार्थना होती, बायबल होतं, त्यांनी स्वतः केलेलं बायबलचं मराठी भाषांतर होतं. आणि त्याच आवारात शेती, विणकाम, छापखाना अशी कामंही मुलींना शिकवली जात. श्रद्धा तीच, तळमळ तीच. पण दुष्काळातून आलेल्या मुलीला हाताला काम हवं, हे दुष्काळातून गेलेल्या बाईला वेगळं सांगावं लागलं नाही.

कॅथलिक घराने घ्यायचं ते इथून घ्यावं. घरात धर्म किती खोल शिकवता येतो, याची कमाल रमाबाईंच्या बालपणात दिसते. घराने फक्त धर्मच शिकवला तर काय होतं, तेही तिथेच दिसतं. मुलांना वेळ कमी देणं हा त्या घराचा दोष नव्हता. बाहेरून आत यायला एकही वाट नव्हती, हा होता.

पुण्यातलाच अभ्यासक्रम

घरी शिकवणारी अनेक कॅथलिक घरं अभ्यासक्रमासाठी अमेरिकेकडे पाहतात. व्हर्जिनियातल्या फ्रंट रॉयल इथल्या सेटन होम स्टडी स्कूलसारख्या संस्था पुस्तकं, वेळापत्रक, चाचण्या सगळं तयार देतात. सोय मोठी आहे. पण त्या पुस्तकांतलं नाणं डॉलरचं, इतिहास इंग्लंडहून अमेरिकेला गेलेल्या वसाहतकऱ्यांच्या जहाजाचा आणि डिसेंबर बर्फाचा असतो. वडगाव शेरीतल्या मुलाला हे शिकवण्यात काही वाईट नाही, पण दारातलं सोडून दूरचं शिकवायची गरजही नाही.

नाना पेठेतल्या सिटी चर्चपासून सुरुवात करता येते. सवाई माधवरावांच्या काळात पेशव्यांच्या सैन्यात गोव्याकडचे ख्रिस्ती सैनिक आणि अधिकारी होते. दों मिगेल दे नोरोन्या या अधिकाऱ्याच्या विनंतीवरून पेशव्यांनी चर्चसाठी जागा दिली, आणि ८ डिसेंबर १७९२ रोजी तिथे पहिली मिस्सा झाली. या एका ओळीत पेशवाईचा लष्करी इतिहास आहे, गोव्याचं पोर्तुगीज राज्य आहे, आणि शनिवारवाड्याच्या धन्याने नाना पेठेत चर्चला जागा का द्यावी, हा प्रश्न आहे. दहा वर्षांचं मूल या प्रश्नावर आठवडाभर विचार करू शकतं. तिथून घोडदौडीच्या मैदानाजवळच्या सेंट पॅट्रिक्स कॅथेड्रलकडे जावं. ते आयरिश शिपायांच्या काळातलं, १८५०चं. दोन चर्चांमधल्या अंतरात पेशवाई संपून इंग्रजी छावणी उभी राहते.

भाषेचा तास वेगळा लावावा लागत नाही. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने १६१६मध्ये गोव्यात ‘क्रिस्तपुराण’ छापलं, ते मराठीत आणि ओवीत. बायबलची कथा ज्ञानेश्वर-एकनाथांच्या छंदात सांगणारा हा ग्रंथ पुढे कित्येक पिढ्या चर्चमध्ये आणि घरांमध्ये मोठ्याने वाचला गेला. जर्मन जेझुइट हेन्री डोरिंग यांनी १९०३मध्ये ‘निरोप्या’ हे मराठी मासिक सुरू केलं. ते पुढे पुण्याचे बिशप झाले, मग जपानात हिरोशिमाला गेले आणि १९२७मध्ये पुन्हा पुण्याला परतले. नकाशा पसरून त्यांचा प्रवास बोटाने काढला, की भूगोलाबरोबर पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातल्या जर्मन धर्मगुरूंचं काय झालं, तोही विषय निघतो. पुण्याचे बिशप राहिलेले थॉमस डाबरे यांनी तुकारामांच्या ईश्वरानुभवावर प्रबंध लिहिला. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुबोध बायबल’ मराठीत आणलं आणि २०२०मध्ये उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद भूषवलं. घरात इंग्रजी, आजीकडे कोंकणी किंवा तमिळ, आणि गल्लीत मराठी बोलणाऱ्या मुलाला ही नावं सांगतात की मराठी ही त्याच्या श्रद्धेचीही भाषा आहे.

विज्ञानाचं काय? इथे कॅथलिक घराने पुस्तक निवडताना डोळे उघडे ठेवावेत. घरी शिकवण्याची अमेरिकन पुस्तकं बरीचशी प्रोटेस्टंट गटांकडून येतात, आणि त्यांतल्या काहींत पृथ्वी काही हजार वर्षांची असते. कॅथलिक चर्चची अशी अट नाही. पोप बाराव्या पायस यांनी १९५०मध्येच उत्क्रांतीच्या अभ्यासाला मोकळीक दिली. वाटाण्यांवरून आनुवंशिकतेचे नियम शोधणारा मेंडेल ऑगस्टिनियन मठातला होता. खंडाळ्याच्या वनस्पतींचा ग्रंथ लिहिणारे फादर सांतापाव जेझुइट होते; पावसाळ्यात मुलांना घाटात न्यायचं, तर त्यांचं नाव ठाऊक हवं. विश्वाची सुरुवात एका अतिघन अवस्थेतून झाली, ही कल्पना मांडणारे जॉर्ज लमेत्र हे बेल्जियन धर्मगुरू. आणि तिला आयुष्यभर वैज्ञानिक आव्हान देणारे जयंत नारळीकर पुण्यातले, ‘आयुका’ या खगोलविज्ञान संस्थेचे संस्थापक. गंमत अशी की पोपनी १९५१मध्ये या सिद्धांताचा संबंध देवाच्या निर्मितीशी जोडू पाहिला, तेव्हा खुद्द लमेत्र यांना ते रुचलं नाही. धर्मगुरूने मांडलं म्हणून मानायचं नाही, नास्तिकाने खोडलं म्हणून टाकायचं नाही, पुरावा पाहायचा. घरात हा धडा देता आला, तर तो विज्ञानाचाही झाला आणि धर्माचाही.

दिवसाचा हिशेब

या सगळ्याला वेळ कुठून आणायचा? शाळेच्या सहा-सात तासांतला बराच वेळ रांगा, हजेरी, वर्ग बदलणं आणि चाळीस वह्या तपासणं यांत जातो. घरी प्राथमिक वयाच्या मुलाचा पुस्तकी अभ्यास दोन-तीन तासांत आटोपतो. अडचण तासांची नसते. एकाच दिवशी तीन वयांची तीन मुलं, स्वयंपाक, कामवाली न आलेली सकाळ आणि चर्चच्या ग्रुपवरचे निरोप यांची असते.

धर्मशिक्षणासाठी सर्वांत शहाणी सोय चर्चने स्वतःच करून ठेवली आहे. १९६९च्या सुधारणेनंतर रविवारची वाचनं तीन वर्षांच्या चक्रात फिरतात: एका वर्षी मुख्यतः मत्तय, मग मार्क, मग लूक. येत्या रविवारचं शुभवर्तमान सोमवारी घरात मोठ्याने वाचायचं, आठवड्यात त्यावर एक चित्र, एक नकाशा किंवा एक प्रश्न, आणि रविवारी तेच चर्चमध्ये ऐकायचं. तीन वर्षांत शुभवर्तमानं बऱ्यापैकी वाचून होतात, तीही वेगळं पुस्तक न लावता. लहानांसाठी रोममध्ये १९५४पासून सोफिया काव्हालेत्ती आणि जान्ना गोबी यांनी माँटेसरी पद्धतीवर उभी केलेली धर्मशिक्षणाची रीत आहे. तीत मूल छोटी वेदी, छोटी भांडी, मेंढ्या आणि मेंढपाळ यांच्या लाकडी आकृत्या हाताळतं. माँटेसरीबाई स्वतः कॅथलिक होत्या आणि १९३९ पासून पुढची काही वर्षं भारतात होत्या. त्यांच्या पद्धतीच्या बालवाड्या महाराष्ट्रात उदंड निघाल्या, पण तिची ही धार्मिक बाजू आपल्याकडे कमीच पोचली.

प्रार्थना मात्र छोटी आणि ठरलेली असावी. सकाळी पाच मिनिटं, रात्री जपमाळेचं एक दशक, म्हणजे दहा मणी. पाच वर्षांच्या मुलाला पूर्ण जपमाळेला गुडघ्यावर बसवलं, की ते भक्ती शिकत नाही, मणी मोजायला शिकतं. आगमनकाळाचे चार रविवार, राखेच्या बुधवारपासूनचा उपवासकाळ, पवित्र सप्ताह, ईस्टरनंतरचे पन्नास दिवस, अशी चर्चची पंचांगव्यवस्था घराच्या वर्षाला आपोआप लय देते. पवित्र सप्ताहात पुस्तकं बंद ठेवून संध्याकाळच्या विधींना जायचं आणि ईस्टरनंतर गणित पुन्हा सुरू करायचं, ही चैन शाळेत जाणाऱ्या मुलाला वार्षिक परीक्षेच्या दिवसांत परवडत नाही.

राहता राहिली आई. चर्चचे दस्तऐवज ‘आई-वडील’ म्हणतात. घराचं वेळापत्रक ‘आई’ म्हणतं. एक पगार सुटतो तो बहुतेक तिचा. वडिलांनी आठवड्याला एक विषय पूर्णपणे स्वतःकडे घ्यावा. ‘मदत’ म्हणून नव्हे. पुस्तक निवडण्यापासून चुका तपासण्यापर्यंत सगळं त्यांचं. हे पहिल्या वर्षी ठरलं नाही, तर नंतर ठरत नाही.

वेदीवर आणि वेदीबाहेर

आता चर्चची सेवा. वेदीसेवक, वाचक, गायनवृंद, फुलांची सजावट, रविवारचे धर्मशिक्षणाचे वर्ग, नाताळचा गोठा: एखादा धर्मग्राम, म्हणजे पॅरिश, चालतो तो अशा हातांवर. १९९४मध्ये व्हॅटिकनने मुलींनाही वेदीसेवेची मोकळीक स्पष्ट केली. २०२१मध्ये पोप फ्रान्सिस यांनी वाचक आणि वेदीसहायक ही अधिकृत पदं स्त्रियांना खुली केली आणि त्याच वर्षी धर्मशिक्षकाला अधिकृत सेवापदाचा दर्जा दिला. वेदीसेवकांचा आश्रयदाता संत तार्सिसियस. त्याचा दिवस १५ ऑगस्ट, म्हणजे पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाचा सण आणि आपला स्वातंत्र्यदिन. त्या सकाळी चर्चच्या आवारात मिस्साही असते आणि झेंडावंदनही.

घरी शिकणाऱ्या मुलाला इथे एक अशी संधी मिळते, जी शाळेतल्या मुलाला नसते. कामाच्या दिवशी सकाळी अकराला अंत्यविधी असतो. शाळेची मुलं वर्गात असतात. घरी शिकणारा तेरा वर्षांचा मुलगा वेदीवर उभा राहतो, धूपपात्र धरतो, अनोळखी कुटुंबाचं रडणं जवळून पाहतो. मृत्यूविषयी धर्म काय म्हणतो, हे त्याला कुठल्याही पाठापेक्षा तिथे जास्त कळतं.

पण हीच संधी सापळाही होते. ‘ते घरीच असतात’ याचा अर्थ ‘ते मोकळे असतात’ असा लावला जातो. सजावटीला आई, तालमीला मोठी मुलगी, सामान उचलायला मुलगा, आणि बुधवारचं विज्ञान पुढच्या बुधवारी. सेवा नाकारणं श्रद्धाळू माणसाला अवघड जातं, म्हणून सेवेचे तास आधीच ठरवावेत आणि धर्मगुरूंना सांगून ठेवावेत. आठवड्यातल्या ज्या सकाळी अभ्यास आहे, त्या सकाळी फक्त अंत्यविधी. बाकी सगळं दुपारनंतर. आणखी एक अट कुठल्याही घराने सोडू नये. मूल जिथे सेवा करतं, तिथे ते एकाच मोठ्या माणसाबरोबर बंद खोलीत राहणार नाही. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा २०१२चा पॉक्सो कायदा चर्चच्या वस्त्रागारालाही लागू आहे, आणि हे विचारणाऱ्या पालकाला कुणी अश्रद्ध ठरवू नये.

मित्र कुठून मिळणार, या प्रश्नाचं उत्तरही सेवेतच आहे. फक्त ती सेवा वेदीच्या बाहेर जायला हवी. घरी शिकवणाऱ्या दोन-चार कुटुंबांची मुलं एकमेकांतच खेळत राहिली, तर एकाच विचारांच्या घरांचा तो एक मोठा फ्लॅट होतो. पुण्यातल्या कॅथलिक समाजाचं भाग्य असं की तो एकसारखा नाही. नगर जिल्ह्याच्या खेड्यांतून आलेली मराठी कुटुंबं, गोव्याचे, मंगळूरचे, तमिळ, मल्याळी, वसईचे. इंग्रजी मिस्सेनंतर त्याच चर्चमध्ये मराठी मिस्सा, कुठे तमिळ. इंग्रजी मिस्सेत वाचन करणाऱ्या मुलाने महिन्यातून एकदा मराठी मिस्सेला जाऊन बसावं. त्याच्याच धर्मग्रामात धुणीभांडी करणाऱ्या, रिक्षा चालवणाऱ्या घरांची मुलं आहेत, हे त्याला तिथे दिसतं. पॅरिसमध्ये १८३३मध्ये सुरू झालेल्या सेंट व्हिन्सेंट दे पॉल सोसायटीच्या शाखा गरीब कुटुंबांच्या घरी जातात. मोठ्या मुलांना त्यांच्याबरोबर जाता येतं. लिटल सिस्टर्स ऑफ द पुअर यांच्या वृद्धाश्रमात वाचून दाखवायला माणसं हवी असतात. सिस्टर लुसी कुरियन यांनी १९९७मध्ये वढू बुद्रुक इथे सुरू केलेलं ‘माहेर’ सगळ्या धर्मांच्या बायका-मुलांना आसरा देतं. तिथे सेवा करणाऱ्या मुलाला दिवाळी, ईद आणि नाताळ एकाच अंगणात भेटतात.

आणि रविवारचा धर्मशिक्षणाचा वर्ग? घरी मुलाला दुप्पट येत असलं तरी त्याला तिथे पाठवावं. तिथे त्याला येत नसलेली एक गोष्ट मिळते: दुसऱ्यांबरोबर, दुसऱ्यांच्या गतीने, कंटाळत का होईना, शिकणं. रामवाडीतल्या ज्ञानदीप विद्यापीठाभोवती राहणारे, धर्मगुरू होण्यासाठी शिकणारे तरुण रविवारी धर्मग्रामांत सेवेला जातात. त्यांच्यातल्या एखाद्याला दहा वर्षांचं मूल जेव्हा असा प्रश्न विचारतं ज्याचं उत्तर आईला आलं नव्हतं, तेव्हा घरच्या शाळेची एक खिडकी उघडते.

चौदावं वर्ष

शेवटी दहावी. ‘सतरा नंबरचा फॉर्म’ भरून राज्य मंडळाची परीक्षा बाहेरून देता येते, पण ती वाट मुळात शाळा सोडलेल्यांसाठी आहे. तिथे शाळा सोडल्याचा दाखला मागतात. जो शाळेत गेलाच नाही, त्याला राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे एनआयओएस, सोयीची. १९८९मध्ये सुरू झालेल्या या संस्थेचं विभागीय केंद्र पुण्यातही आहे. चौदा वर्षं पूर्ण झाली की दहावीसाठी नाव नोंदवता येतं, नोंदणी पाच वर्षं टिकते, आणि विषय एकेक करून सोडवता येतात. राज्याचं मुक्त विद्यालय मंडळ पाचवी आणि आठवीच्या परीक्षाही घेतं. धार्मिक घरांना परीक्षांचा तिटकारा असतो. गुणांपेक्षा संस्कार मोठे, असं ते म्हणतात. तरी पाचवी आणि आठवीच्या टप्प्यांवर बाहेरची एक परीक्षा द्यावीच. कम्युनियनआधी मुलाची तयारी धर्मगुरू पाहतात हे ज्या घराला मान्य आहे, त्याला गणिताची तयारी परक्या परीक्षकाने पाहण्यात कमीपणा वाटू नये.

चौदाव्या वर्षी आणखी एक परीक्षा असते, तिचा फॉर्म नसतो. तोवर घराने निवडलं; आता मुलाला विचारायचं. ‘मला शाळेत जायचंय’ असं ते म्हणालं, तर शाळेत घालावं. ‘मला आता वेदीवर नाही जायचं’ असं म्हणालं, तरी ऐकून घ्यावं. दृढीकरण संस्कारात माणूस आपल्या बाप्तिस्म्याला स्वतः होकार देतो. ज्याला नकार देण्याची मुभाच नव्हती, त्याच्या होकाराला चर्चही फारशी किंमत देणार नाही. अनंतशास्त्रींनी लेकीला दिलेलं शिक्षण अखेर तिला त्यांच्या धर्माबाहेर घेऊन गेलं, आणि तरीही तिने आई-वडिलांना आयुष्यभर मानलं. घरी शिकवणाऱ्या प्रत्येक श्रद्धाळू आई-वडिलांनी ही शक्यता पहिल्याच वर्षी मनाशी मान्य करावी.

धर्मग्रामाचीही एक जबाबदारी आहे. शाळेच्या पटावर नाव नाही, म्हणून ही मुलं धर्मग्रामाच्या हिशेबातून गळतात. सुट्टीतल्या शिबिरांची, स्पर्धांची, सहलींची सूचना शाळेच्या फळ्यावर लागते आणि यांच्यापर्यंत पोचत नाही. धर्मग्रामाच्या वहीत घरी शिकणाऱ्या मुलांची एक वेगळी नोंद, वर्षातून दोनदा धर्मगुरूंशी बैठक आणि शेजारच्या शाळेच्या वाचनालयाचं नि प्रयोगशाळेचं दार त्यांच्यासाठी आठवड्यातून एक दुपार उघडं: एवढं झालं तरी पुष्कळ. चर्च मुलाचा पहिला शिक्षक घराला म्हणतं, तर त्या शिक्षकाला फळा, खडू आणि एक सहकारी देणं चर्चच्याच कामाचा भाग ठरतो.